शिमग्याच्या तोंडावर परसात काय काढावं, काय लावावं? (अर्धा गुंठा, विहिरीचं पाणी, समुद्र जवळ)

परसू_गुहागर

नमस्कार. घरामागे अर्धा गुंठा परस आहे. पूर्ण सेंद्रिय, रासायनिक खत किंवा औषध काहीच वापरत नाही. जांभ्याची तांबडी माती दीड फूट, त्याखाली कातळ. समुद्र अर्ध्या किलोमीटरवर. विहीर आठ फूट व्यासाची, तिच्यावर चार माणसांचं घर आणि सहा माडही आहेत.

आज फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. परसात मुळा, लाल माठ, कडवे वाल, पांढरा कांदा, वांगी, मिरची आणि थोडे टोमॅटो आहेत. मुळ्याला फुलं यायला लागली आहेत. कांद्याची पात अजून उभी आहे. टोमॅटोची दोन झाडं हिरवीगार असतानाच दुपारी माना टाकतात, संध्याकाळी सावरतात आणि चार-पाच दिवसांत मरतात.

विचारायचं असं: यातलं काय आता काढावं आणि मोकळ्या वाफ्यात काय लावावं? भेंडी, काकडी, दुधी, कारली, चवळी आणि जमलं तर कलिंगड असा विचार आहे. गेल्या उन्हाळ्यात काकडीत अळ्या पडल्या. आंब्याला लावतात तो फळमाशीचा सापळा टांगला होता, उपयोग झाला नाही. भेंडीची पानं पिवळ्या शिरांची होऊन फळं पांढरट आली. विहिरीचं पाणी मेच्या सुमारास मचूळ लागतं.

विहीरकाठ

बियाणं आणण्याआधी विहीर मोजा. कोकणात उन्हाळी भाजी उन्हाने कमी आणि पाण्याने जास्त मरते. सगळं काही ७ जूनला, मृगाला, संपेल असं धरून लोक मार्चमध्ये पेरतात आणि मेच्या पहिल्या आठवड्यात, फळ धरायच्या वेळी, पाणी आटतं. तेव्हा उलटं मोजायला सुरुवात पावसापासून नको. ज्या दिवशी पाणी निम्म्यावर येतं त्या दिवसापासून मागे मोजा.

मोजायचं असं. संध्याकाळी पंप बंद केल्यावर दोरीला गाठ मारून पातळी बघा, सकाळी पंप लावण्याआधी पुन्हा बघा. आठ फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण १,४०० लिटर. रात्रीत किती इंच चढलं ते इथे सांगा, पुढचा हिशोब करू.

खर्चाची बाजूही लिहून ठेवा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिलात भरल्या वाफ्यातून रोज साधारण ५ मिलिमीटर उडतं, म्हणजे चौरस मीटरला रोज ५ लिटर. माडाला रोजचे ४० लिटर धरा, दोन-तीन दिवसांनी एकदम दिलंत तरी हिशोब तोच.

परसू_गुहागर

काल मोजलं. रात्रीत १४ इंच चढतं.

विहीरकाठ

म्हणजे आज रात्रीचे साधारण १,६५० लिटर. एप्रिलअखेर हे निम्मं होईल असं धरून चला, म्हणजे ८०० च्या आसपास. घराला ४००, सहा माडांना २४०. उरले १६० ते १८०. अर्ध्या गुंठ्यातून वाटा आणि पाट वजा केले तर लावणीची जागा ३५ चौरस मीटर उरते आणि तिला ५ लिटरने १७५ लागतात. बरोबर काठावर आहात. एप्रिलअखेरपर्यंत सगळे वाफे चालतील, मेमध्ये निम्मेच चालतील आणि १५ मेनंतर फक्त माड, मिरची आणि दोन आळी एवढंच.

आता पिकं या गजावर मापा. भेंडी पेरल्यापासून ४५ ते ५० दिवसांनी पहिली तोडणी, मग पाच-सहा आठवडे चालते. आज पेरलीत तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरू, मेच्या मध्यावर संपते. मार्चच्या मध्यावर पेरलीत तर तोडा सुरू होईल तेव्हा पाणी संपेल. काकडी आणि बुटकी चवळी यांचंही गणित साधारण तसंच, ४० ते ५० दिवस. यांना फेब्रुवारीअखेर ही शेवटची गाडी. दुधी आणि कारली ५५ ते ६० दिवसांनी फळ देतात आणि पुढे दोन महिने खातात-पितात. त्यांना आता लावू नका, मृगाला लावा. कलिंगडाला ८० ते ९० दिवस, ते डिसेंबर-जानेवारीत भात काढलेल्या जमिनीत लावायचं पीक. यंदा सोडून द्या.

लाल माठ मात्र २५ ते ३० दिवसांत कापायला येतो. तो दर पंधरा दिवसांनी एकेक चौरस मीटर, १५ एप्रिलपर्यंत पेरत राहा. चौरस मीटरला दोन ग्रॅम बी पुरतं. बी फार बारीक असल्याने मूठभर कोरड्या वाळूत मिसळून फेका, नाहीतर एका ठिकाणी दाट आणि दुसरीकडे टक्कल पडतं.

आणखी एक. पावसाळ्यातले उंच गादीवाफे उन्हाळ्याला चालत नाहीत, जांभ्यातून पाणी बाजूने निघून जातं. वाफा भोवतालच्या जमिनीपेक्षा चार-पाच बोटं खोलगट करा आणि त्यावर पातेरा (गळलेला वाळका पाला) घाला, आठ ते दहा सेंटिमीटर थर. आंब्या-काजूचा पातेरा सावकाश कुजतो, त्यामुळे आच्छादनाला तोच चांगला. खोडापासून चार बोटं जागा मोकळी ठेवा. पातेरा खोडाला टेकला की वाळवी आणि बुडकूज दोन्ही येतात. राब भाजण्यासाठी (भाताच्या रोपांची जागा पाला जाळून भाजतात त्यासाठी) सगळा पातेरा गोळा होण्याआधी परसाचा वाटा बाजूला काढा.

तांबडीमाती

पाण्याचं वरती नीट सांगितलं आहे. मी काढणीचं आणि मातीचं सांगतो.

सर्वात आधी टोमॅटो, कारण त्यात घाई आहे. पिवळं न पडता हिरवं झाड माना टाकतं हे पाणी कमी पडल्याचं लक्षण नसावं. बहुधा जिवाणूजन्य मर आहे. आपल्या आम्लधर्मी, दमट मातीत ती फार. खात्री करणं सोपं आहे. मरणाऱ्या झाडाचं बुडाजवळचं खोड बोटभर लांब कापा, काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घ्या आणि तुकडा दोऱ्याने असा धरा की खालचं टोक पाण्यात राहील. हलवू नका. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरू लागले तर जिवाणूजन्य मरच. धागे नसतील आणि खोडाच्या आत तपकिरी रेघ असेल तर बुरशी.

धागे दिसले तर ते झाड मुळासकट, भोवतीच्या मातीसकट उपटून परसाबाहेर न्या. खतखड्ड्यात टाकू नका. त्या वाफ्याचं पाणी पाटाने दुसऱ्या वाफ्यात जात असेल तर आजच वाट बदला, कारण ही मर पाण्यातून, खुरप्यातून आणि पायाच्या चिखलातून पसरते. खुरपं जाळावर तापवून घ्या. त्या जागी टोमॅटो, वांगी, मिरची तीन वर्षं नको, बटाटाही नको. भेंडी, चवळी, काकडी, माठ, मका यातलं काहीही लावा. याला फवारायचं सेंद्रिय औषध कुणी सांगितलं तर पैसे घालवू नका. जागा बदलणं हाच उपाय.

शिवाय टोमॅटोचा उन्हाळा इथे जमत नाही. एप्रिलात रात्रीही पारा २४-२५ च्या खाली उतरत नाही आणि इतक्या उबेत फुलं गळतात, फळ धरत नाही. आहेत ती निरोगी झाडं मार्चअखेर संपवा.

मुळा आजच काढा. फुलोरा आला की गाभा जाळीदार आणि तिखट होतो, चार दिवस थांबून काही सुधारत नाही. दोन-तीन झाडं राखा, डिंगऱ्या (मुळ्याच्या शेंगा) भाजीला होतात आणि पुढे बीही मिळतं. दुसऱ्या जातीचा मुळा जवळ फुलला असेल तर बी मिसळतं, तेव्हा एकाच जातीची राखा.

कांद्याला घाई नको. निम्म्या झाडांच्या माना आपोआप पडल्या की पाणी तोडा आणि आठ-दहा दिवसांनी काढा. माना पायाने मोडू नका, मोडलेल्या मानेतून कूज शिरते. काढल्यावर तीन दिवस वाफ्यातच अशी मांडणी करा की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीचे कांदे झाकेल, उन्हाने कांदा भाजत नाही. मग सावलीत दहा-बारा दिवस. पात कापू नका, अलिबागकडे करतात तशा माळा गुंफा आणि पडवीत वारा लागेल अशा टांगा. पांढरा कांदा तांबड्याइतका टिकत नाही, जाड मानेचे आधी खाऊन टाका.

वालाच्या शेंगा पिवळट होऊन कडक झाल्या की पहाटे, दंव असताना तोडा. दुपारी हात लावला की तडकतात आणि दाणे मातीत जातात. अर्धी हिरवी, दाणे भरलेली शेंग पोपटीला (मडक्यात भाजायच्या शेंगांना) ठेवायची असेल तर ती आताच, ऊन चढलं की साल चामट होते. वेल उपटू नका, जमिनीलगत कापा. मुळांवरच्या गाठींतला नत्र त्याच मातीत राहू दे. त्या वाफ्यात भेंडी लावा, तिला नत्राची भूक मोठी.

वांग्याला मर नसेल आणि खोड ठणठणीत असेल तर जमिनीपासून एक हातावर छाटा, वर शेणखत आणि पातेरा द्या, पाच-सहा आठवड्यांत नवी फूट फळावर येते. आत अळी असलेले सुकलेले शेंडे दिसले की बोटभर खालून कापून बादलीतल्या साबणाच्या पाण्यात टाका. मिरची तशीच ठेवा, दुपारची सावली मिळाली तर उत्तम.

मातीचं: जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियम जास्त असल्याने स्फुरद (फॉस्फरस) मातीतच अडकून बसतं, मुळांना मिळत नाही. म्हणून खत वाफाभर पसरू नका, ओळीत किंवा आळ्यात, मुळांजवळ द्या. भेंडीच्या ओळीला मीटरमागे दोन किलो पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक मूठ हाडांचा चुरा. काकडीच्या आळ्याला (दीड फूट रुंद, एक फूट खोल) चार किलो शेणखत, १०० ग्रॅम करंज पेंड. आळ्याच्या तळाला भिजवलेली नारळाची सोडणं पोकळ बाजू वर करून मांडा, पाणी धरून ठेवतात. कच्चं शेण घालू नका, उन्हाळ्यात त्याने वाळवी आणि हुमणी ओढून आणाल.

माडाखाली

राखेबद्दल कुणी बोललं नाही. चुलीची राख परसात टाकली तर आम्लता कमी होते ना? आणि जीवामृत घालायचं असेल तर?

तांबडीमाती

राख चांगली, पालाशही मिळतं, पण चौरस मीटरला १०० ग्रॅमच्या वर नको आणि शेणखत, जीवामृत किंवा गोमूत्रासोबत मुळीच नको. राख आणि चुना शेणातल्या नत्राचा अमोनिया करून उडवतात, वास येतो तो तुमचाच नत्र. दोन्हीत पंधरा दिवस अंतर ठेवा. शिंपल्यांचा चुरा घालायचा असेल (चौरस मीटरला २०० ग्रॅम) तर तो मेमध्ये, पावसाळी लावणीच्या आधी. त्याला मातीत काम करायला वेळ आणि ओल दोन्ही लागतात. आधी मातीचा सामू (पीएच) तपासा. ६ च्या वर असेल तर चुऱ्याची गरजच नाही.

जीवामृत अर्ध्या गुंठ्याला २० लिटर पुरतं: १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, प्रत्येकी १५० ग्रॅम गूळ आणि बेसन, बांधावरची मूठभर माती, बाकी पाणी. सावलीत ४८ तास, दिवसातून दोनदा काठीने ढवळा, सात दिवसांत वापरा. ओल्या मातीतच घाला, कोरड्या तापलेल्या मातीत काही उपयोग नाही. कुजका वास आला तर पिकाला नको, माडाच्या आळ्यात ओता.

वेलमांडव

काकडीचा सापळा चुकीचा होता. आंब्याच्या सापळ्यात मिथाईल युजेनॉल असतं आणि त्याच्याकडे आंब्यावरच्या माशीचे नर येतात. वेलवर्गीय भाज्यांवरची फळमाशी वेगळी, तिचे नर क्यू ल्यूरला येतात. दुकानात स्पष्ट सांगा, "काकडी-कारल्याचा सापळा". अर्ध्या गुंठ्याला दोन पुरे, मांडवाच्या उंचीवर, पहिली फुलं दिसायच्या आधी. ल्यूरच्या पाकिटावर लिहिलेल्या मुदतीला बदला.

पण सापळा फक्त नर मारतो, शेजारच्या परसातून आलेली फळलेली मादी अंडी घालणारच. म्हणून मुख्य काम पिशवीचं. काकडी अंगठ्याएवढी झाली की वर्तमानपत्राची किंवा जुन्या साडीची पिशवी घाला आणि देठाशी सैल बांधा. मादी कोवळ्या सालीखाली अंडी घालते, साल कडक झाली की तिला जमत नाही. डंख झालेलं फळ (चिकाचा थेंब, वाकडी वाढ) त्याच दिवशी तोडा. मातीवर टाकू नका, खतखड्ड्यातही नाही. काळ्या प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेवा. अळी फळातून उतरून मातीत वरच्या काही बोटांतच कोष करते, म्हणून वेलाखालची माती आठवड्याला एकदा खुरप्याने हलवा. कोष वर येऊन वाळतात, मुंग्या नेतात, कोंबड्या असतील तर त्याहून बरं.

फळं धरत नसतील तर माशीला दोष देण्याआधी परागीकरण बघा. सुरुवातीची पंधरवडाभर फुलं नरच असतात, ती गळतात, घाबरू नका. मादी फुलामागे इवलीशी काकडी असते. मधमाश्या कमी असतील तर नर फूल तोडून पाकळ्या मागे दुमडा आणि मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवा. काकडी आणि कारल्याला सकाळी, नऊच्या आत. दुधी, पडवळ आणि शिराळ्याची फुलं मात्र संध्याकाळी उमलतात, त्यांना दिवेलागणीला. सकाळी दुधीशी खटपट करून काही हाती लागत नाही.

मृगाला दुधी लावाल तेव्हाचं आत्ताच सांगून ठेवते: दुधी चिरल्यावर जिभेला कणभर लावून बघा. कडू लागला तर तो अख्खा टाका, शिजवून किंवा साखर घालून खाऊ नका. त्याने गंभीर विषबाधा होते. कडू काकडीला हाच नियम. आपोआप उगवलेल्या वेलाचा दुधी तर चाखल्याशिवाय घेऊच नका.

भेंडीचा तो पिवळा रोग विषाणूचा, पांढरी माशी पसरवते. झालेलं झाड बरं होत नाही. पहिलं पिवळं पान दिसल्याबरोबर झाड उपटा, "चार भेंड्या निघतील" म्हणून ठेवलेलं एक झाड वाफा घालवतं. बियाणं परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका घ्या, दोन्ही या रोगाला दाद देत नाहीत असं म्हणूनच निवडलेली. तरी लक्ष ठेवावंच लागतं. बी रात्रभर भिजवा, तरंगणारं काढून टाका, ४५ सेंटिमीटरच्या ओळीत २५ सेंटिमीटरवर दोन-दोन, पेरभर खोल. उगवल्यावर सशक्त तेवढं ठेवा, दुसरं कात्रीने कापा, उपटू नका. चार माणसांना ४० झाडं पुरतात. दिवसाआड तोडा. एक भेंडी जून झाली की झाड बी करायला लागतं आणि नवी फळं मंदावतात.

पांढऱ्या माशीला आणि माव्याला पाच टक्के निंबोळी अर्क: ५०० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात, सकाळी फडक्यातून गाळून १० लिटर करा, २० ग्रॅम साबणचुरा घाला. ऊन उतरल्यावर, पानाच्या खालून. परागीकरण संपल्याशिवाय फुलांवर फवारू नका. लाल भुंगे काकडीच्या कोवळ्या पानांवर पहाटे सुस्त बसतात, तेव्हाच हाताने वेचा. आठ वाजल्यानंतर ते उडतात.

खाडीकाठ

मचूळ पाण्याचं राहिलं. जिभेवर विसंबू नका, जिभेला कळेपर्यंत घेवडा आणि मुळा मागे पडलेले असतात. पाण्याची क्षारता मोजणारा लहान ईसी मीटर घ्या किंवा नमुना प्रयोगशाळेत द्या. ईसी ०.७ (डेसिसायमन प्रति मीटर) च्या आत तोवर निर्धास्त. त्यापुढे घेवडा, कांदा, मुळा, गाजर यांचं उत्पन्न घटतं. काकडी आणि पालक थोडं सोसतात, चवळी त्याहून जास्त. म्हणून मेमध्ये जे निम्मे वाफे चालू ठेवाल त्यात चवळी असू दे.

समुद्राजवळच्या विहिरीत गोडं पाणी हलकं म्हणून वर तरंगतं आणि खारं खाली असतं. फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपच्या खालच्या तोंडाची झडप) तळाशी असेल तर तुम्ही आधी खारंच उपसता. तो पाण्याच्या पृष्ठभागापासून दोन-तीन फुटांवर येईल एवढा वर घ्या, पातळी उतरेल तसा खाली सोडा. एकदम तासभर पंप चालवू नका, दहा-पंधरा मिनिटं करून दोन-तीन वेळा उपसा. जोराने उपसलं की खालचं खारं वर ओढलं जातं. मचूळ पाणी पानांवर शिंपडू नका, कडा करपतात, फक्त बुडाशी द्या. आणि सकाळीच द्या. संध्याकाळी ओली पानं आणि दमट हवा हे केवडा या बुरशीजन्य रोगाला निमंत्रण.

समुद्राकडच्या बाजूला झावळ्यांचा विणलेला आडोसा कमरेपर्यंत केलात तर खाऱ्या वाऱ्याचाही मार कमी होतो. पूर्ण बंद भिंत नको, वारा तिच्यावरून उसळून पलीकडे जास्त जोरात पडतो.

परसू_गुहागर

पेल्यात धागे उतरले, मरच आहे. दोन्ही झाडं आणि माती बाहेर नेली, पाट वळवला. वालाच्या वाफ्यात भेंडी, टोमॅटोच्या जागी काकडीची चार आळी आणि चवळी असं ठरवतो. मेमध्ये मोकळ्या राहिलेल्या वाफ्यांचं काय करू? उघडे ठेवू?

विहीरकाठ

उघडे मुळीच नको. पातेरा असू दे, वर वईतल्या (कुंपणातल्या) गिरिपुष्पाचा हिरवा पाला कापून पसरा. पहिल्या पावसात तोच कुजून खत होतो. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सावलीतल्या एका वाफ्यात आलं आणि हळद घाला, आल्याचा तुकडा २० ते २५ ग्रॅमचा, दोन डोळे असलेला. सुरण माडांच्या मधल्या जागेत. यांना उगवून येईपर्यंत ओलीपुरतंच पाणी लागतं.

२५ मेला रोहिणी लागली की करवंट्यांत किंवा पिशव्यांत कारली, पडवळ, शिराळी आणि दुधीची रोपं करा. करवंटीला खाली भोक पाडायला विसरू नका. कोकण तारा कारली, कोकण श्वेता पडवळ, कोकण हरिता शिराळी हे दापोली विद्यापीठाचे वाण आपल्या पावसाला तयार झालेले आहेत. दोन-तीन पानांवर आली की मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर लावा. तोवर मांडव उभा असला पाहिजे, पावसात खांब रोवायला गेलात तर मुळं तुटतात.

वेलमांडव

आणि टोमॅटोच्या त्या जागेवरून माती, पातेरा किंवा रोपं दुसरीकडे नेऊ नका. तिथलं खुरपं वेगळं ठेवा. मूठ लाल रंगवून ठेवलीत तर घरातल्या सगळ्यांच्या लक्षात राहील.